मोबाईलमधले विज्ञान, अंगणातले विज्ञान



आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, असे आपण निबंधात नेहमी लिहितो. हे विज्ञान आता मोबाईलच्या रूपाने घराघरांत येऊन बसले आहे. त्याच्याबद्दल गावात दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतं, "या मोबाईलनं पोरं बिघडवली." कोणी म्हणतं, "आता शाळेची गरजच काय, सगळं मोबाईलवर आहे." दोन्ही मते अर्धीच खरी आहेत. विळीने भाजी चिरते आणि बोटही चिरते. म्हणून कोणी विळी घराबाहेर फेकत नाही, आणि लहान मुलाच्या हातातही देत नाही. ती कशी धरायची हे शिकवतात. मोबाईलचेही तसेच आहे.

विज्ञान आणि गणित शिकण्यासाठी नेटवर पुष्कळ चांगली आणि फुकट साधने आहेत. ती काय आहेत, कोणी केली, आणि ती वापरून आपल्या वर्गात, आपल्या अंगणात काय काय करता येते, हे या लेखात पाहू.

धडा मोबाईलमध्ये येतो कोठून?

पुष्कळांना वाटते की व्हिडिओ मोबाईलच्या आतच असतो. तसे नाही. तो दूर कोठेतरी असलेल्या मोठ्या संगणकात साठवलेला असतो. जगभरचे असे संगणक तारांनी एकमेकांना जोडलेले आहेत. काही तारा तर समुद्राच्या तळावरून गेल्या आहेत. यालाच इंटरनेट किंवा नुसते नेट म्हणतात. आपण मोबाईलवर बोट ठेवले की मागणी टॉवरकडे जाते, तिथून त्या संगणकाकडे जाते, आणि व्हिडिओ त्याच वाटेने परत येतो. टॉवर लांब असला किंवा मध्ये डोंगर आला की रेंज जाते आणि चित्र अडकते.

आपल्या पाठ्यपुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. वाण्याच्या दुकानात पैसे द्यायला असतो तोच प्रकार. तो १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून तो केला होता. त्या चौकोनात धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. जसा पाकिटावर घराचा पत्ता असतो तसा. नीट पाहा, त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतील. त्यांच्यामुळे मोबाईलला कळते की वरची बाजू कोणती. म्हणून पुस्तक उलटे धरले तरी चालते. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'दीक्षा' या ॲपमधून हा चौकोन दाखवला की त्या धड्याची जादा माहिती उघडते.

आपल्याकडे रेंजची अडचण असते. त्यावर एक साधा उपाय आहे. जिथे रेंज आहे तिथे व्हिडिओ आधीच उतरवून घ्यायचा, आणि मग वर्गात नेट नसतानाही दाखवायचा. 'दीक्षा'वरचे पुष्कळ साहित्य असे उतरवून घेता येते. चित्राचा दर्जा कमी निवडला तर डेटाही कमी जातो.

ही साधने केली कोणी?

ही सगळी साधने मोठमोठ्या कंपन्यांनीच केली असे नाही. बरीचशी शिकवणाऱ्या माणसांनी, शिकवता शिकवता केली आहेत.

अमेरिकेत राहणारे सलमान खान (सिनेमातले नव्हेत!) २००४ साली आपल्या नात्यातल्या एका मुलीला दुरून गणित शिकवू लागले. मग इतर नातेवाईक मुलेही मागे लागली. प्रत्येकाला वेगळे शिकवणे जमेना, म्हणून २००६ मध्ये त्यांनी धड्यांचे व्हिडिओ करून नेटवर ठेवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे 'खान अकॅडमी' उभी राहिली. या व्हिडिओचा मोठा गुण असा, की समजले नाही तर थांबवता येते आणि पुन्हा ऐकता येते. वर्गात पाचव्यांदा "समजलं नाही" म्हणायला आपल्याला लाज वाटते. व्हिडिओपुढे लाज वाटत नाही.

कार्ल वीमन हे अमेरिकेतले शास्त्रज्ञ. त्यांना २००१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २००२ साली त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. यात नुसते व्हिडिओ नाहीत, तर हलती-बदलती चित्रे आहेत. चित्रातली तार आपण बोटाने जोडायची, सेल बदलायचा, आणि काय होते ते पाहायचे. म्हणजे ती एक चित्रातली प्रयोगशाळाच झाली. ही चित्रे फुकट आहेत, त्यांतली पुष्कळशी मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात.

आपल्या जवळचे उदाहरण पाहायचे तर अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा इंजिनियर माणूस. मोटारीच्या कारखान्यातली नोकरी सोडून ते टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करू लागले. पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षे काम केले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके आणि खेळणी कशी करायची त्याच्या फिल्मा फुकट पाहता येतात. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे २०२० सालचे 'ग्लोबल टीचर प्राइझ' हे १० लाख डॉलरचे बक्षीस रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळाले. ते तेव्हा सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवीत होते. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्याच्या त्यांच्या कामाची जगाने दखल घेतली. बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

चार पायऱ्या

साधने चांगली असली तरी नुसते बघत बसल्याने विज्ञान येत नाही. पोहण्याचा व्हिडिओ शंभर वेळा पाहिला तरी विहिरीत उडी मारल्याशिवाय पोहता येत नाही. म्हणून मोबाईलवर काहीही शिकताना चार पायऱ्या पाळाव्यात.

पहिली, अंदाज : काय होईल ते आधी वहीत लिहायचे. चुकले तरी खोडायचे नाही.
दुसरी, पाहणे : मग मोबाईलवर पाहायचे. मधे थांबवून प्रश्न विचारायचे.
तिसरी, करणे : मोबाईल बाजूला ठेवून आपल्या हातांनी करायचे.
चौथी, सांगणे : जे झाले ते दुसऱ्याला आपल्या शब्दांत समजावून द्यायचे. सांगता आले नाही तर समजलेले नाही, असे धरावे.

या रीतीत एक मोबाईल साऱ्या वर्गाला पुरतो. कारण मोबाईलचे काम चारपैकी एकाच पायरीवर आहे. आता या पायऱ्यांनी करता येतील असे चार प्रयोग पाहू.

पहिला प्रयोग : अपूर्णांकाची पट्टी

१/२ मोठा की १/३? पुष्कळ जण पटकन म्हणतात, १/३ मोठा, कारण ३ हा २ पेक्षा मोठा. आधी आपला अंदाज लिहा. मग 'फेट'वर अपूर्णांकाचे चित्र उघडा आणि एकाच आकाराचे दोन तुकडे व तीन तुकडे करून पाहा. भाकरी तीन जणांत वाटली तर प्रत्येकाचा वाटा दोघांत वाटल्यापेक्षा लहानच येणार, हे डोळ्यांना दिसते.

आता हातांनी करा. बरोबर १२ सेंटिमीटर लांबीच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापा. एकीचा अर्धा भाग म्हणजे ६ सेंटिमीटर. दुसरीचा तिसरा भाग म्हणजे ४ सेंटिमीटर. दोन्ही तुकडे एकापुढे एक ठेवा. झाले १० सेंटिमीटर. म्हणजे १२ पैकी १०, म्हणजेच ५/६. म्हणून १/२ + १/३ = ५/६. वरचे अंक मिळवून आणि खालचे अंक मिळवून २/५ असे उत्तर का चूक, हेही इथे कळते. २/५ हा तर अर्ध्यापेक्षाही लहान आहे. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा टाकला तर ती अर्धीपेक्षा कमी कशी होईल?

दुसरा प्रयोग : त्रिकोण हलत नाही

'जिओजेब्रा' हे भूमितीचे फुकट साधन आहे. ऑस्ट्रियातले मार्कुस होहेनवार्टर यांनी ते २००१ साली सुरू केले. त्यात त्रिकोण काढा आणि त्याचे टोक बोटाने ओढा. त्रिकोण उंच होतो, बुटका होतो, तिरका होतो. पण तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते. फळ्यावर गुरुजी दोन-तीन त्रिकोण काढू शकतात, इथे मिनिटात शंभर दिसतात. नंतर कागदाचा कसाही त्रिकोण कापा, त्याचे तिन्ही कोपरे फाडा आणि एकमेकांना लावून ठेवा. सरळ रेषा होते. सरळ रेषेचा कोन १८० अंशांचा. पडताळा झाला.

आता काड्यांचा खेळ. अरविंद गुप्तांच्या खेळण्यांत तो आहे. काड्यापेटीतल्या काड्यांचे गुल आधी काढून टाका. सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे बारीक तुकडे करा आणि त्यांनी काड्या जोडा. चार काड्यांचा चौकोन करून दाबला की तो तिरका होऊन पडतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा, तो हलत नाही. कारण तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतोच, कोन बदलायला जागा राहत नाही. चौकोनाच्या बाजू तेवढ्याच राहून कोन बदलू शकतात. एवढे झाले की विजेच्या मोठ्या मनोऱ्याकडे आणि पत्र्याच्या शेडच्या कैचीकडे पाहा. त्यात त्रिकोणच त्रिकोण का असतात, ते आता कोणाला विचारावे लागणार नाही.

तिसरा प्रयोग : एक सेल, एक तार, एक बल्ब

एक दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा जुन्या पद्धतीचा छोटा बल्ब आणि तारेचा एकच तुकडा. एवढ्यावर बल्ब लागेल का? आधी वहीत चित्र काढा. बहुतेक जण सेलच्या वरच्या टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत तार काढतात आणि थांबतात.

'फेट'च्या विद्युत मंडलाच्या चित्रात हे जोडून पाहा. वाट पुरी झाल्याशिवाय बल्ब लागत नाही. वाट पुरी झाली की तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. हे खऱ्या तारेत कधी डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून इथे मोबाईलचा खरा उपयोग आहे. मात्र लक्षात ठेवा, ते चित्र आहे. खरे इलेक्ट्रॉन निळ्या गोळ्यांसारखे नसतात. सेलची दोन टोके नुसत्या तारेने जोडली तर चित्रात ज्वाळा दिसतात. खऱ्या सेलने तसे केले तर तार तापून बोट भाजते. ते करू नका.

मग खरा बल्ब हातात घ्या. त्याला दोन जागी वीज लागते. एक बुडाचा ठिपका आणि दुसरी बाजूची धातूची टोपी. बुडाचा ठिपका सेलच्या वरच्या टोकावर टेकवा, आणि तार बाजूच्या टोपीपासून सेलच्या तळाला लावा. लागला की नाही? (एलईडी घेतला तर एक सेल पुरणार नाही.)

सर्वांना ताकीद : हा प्रयोग फक्त टॉर्चच्या सेलवर करायचा. घरातल्या बोर्डात २३० व्होल्टची वीज असते. तिथे तार घालणे म्हणजे जीव धोक्यात घालणे.

चौथा प्रयोग : संकष्टीचा चंद्र

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असे पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटते. ते बरोबर नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात. एरवी चंद्राचा अर्धा भाग सूर्याकडून उजळलेलाच असतो; त्यातला किती भाग आपल्याकडे वळला आहे, त्यावर कला ठरते. 'स्टेलॅरियम' नावाच्या फुकट साधनात आकाश दिसते आणि दिवस भराभर पुढे सरकवता येतात. महिनाभराचा चंद्र दोन मिनिटांत पाहून होतो.

नंतर संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावा. चेंडू हात लांब करून डोक्यापेक्षा थोडा उंच धरा आणि जागच्या जागी गोल फिरा. दिवा म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र, तुमचे डोके म्हणजे पृथ्वी. दिव्यासमोर चेंडू काळा दिसेल, ती अमावास्या. पाठ दिव्याकडे केली की पूर्ण उजळ दिसेल, ती पौर्णिमा. मधे अष्टमीचा अर्धा चंद्र येईल.

आता यातले गणित. अमावास्या ते अमावास्या सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. दिवसाची मिनिटे १४४०. त्यांना २९.५ ने भागा. उत्तर सुमारे ४९. म्हणजे चंद्र रोज सरासरी ४९ मिनिटे उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. चतुर्थीपर्यंत चार दिवस धरले तर ४ × ४९ = १९६ मिनिटे, म्हणजे ३ तास १६ मिनिटे. सूर्य साडेसहाला मावळला तर चंद्र पावणेदहाच्या सुमारास उगवेल. संकष्टीचा उपास सोडायला आई आणि आजी रात्री इतका वेळ अंगणात वाट का बघतात, ते या भागाकारात आहे. दिनदर्शिकेत छापलेल्या वेळेशी ताडून पाहा. तासभर फरक पडू शकतो, कारण तिथी आणि दिवस बरोबर जुळत नाहीत आणि चंद्राची चालही रोज सारखी नसते. सरासरी आणि प्रत्यक्ष यांत फरक असतो, हेही गणितच आहे.

मोबाईलवरचे सगळेच खरे नसते

चांगल्या साधनांशेजारीच खोटेही असते. चुंबक आणि तार वापरून बल्ब कायमचा फुकट पेटतो, मोटार स्वतःची वीज स्वतः करते, असे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. लाखो लोकांनी पाहिले म्हणून ते खरे होत नाहीत. सायकलला डायनामो असेल तर दिवा लावून पायडल मारून पाहा. लगेच जड लागते. दिव्याला लागणारी शक्ती आपल्या पायांतून जाते, म्हणून. ऊर्जा कोठून तरी यावीच लागते, ती शून्यातून निघत नाही.

असा व्हिडिओ समोर आला की तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी सांगितले? त्याचे कारण दिले आहे का? आणि आम्ही केले तर तसेच होते का? हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. जे अंगणात करून पाहता येते त्यासाठी कोणाच्या शब्दावर विसंबायचे नाही. मात्र आग, औषधे, रसायने आणि घरातली वीज यांचे प्रयोग व्हिडिओ पाहून स्वतः कधीच करू नयेत.

पालकांना विनंती

पालकहो, २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाईलवर आले. ज्या घरी मोबाईल नव्हता, किंवा एकच होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जायचा, त्या घरची मुले मागे पडली. सोलापूरच्या निलमनगर भागात तेव्हा शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते, म्हणजे मोबाईल नसलेले मूलही येता-जाता शिकेल. साधन कितीही चांगले असो, ते सगळ्यांच्या हाताशी आले तरच त्याचा उपयोग.

घरातही तसेच आहे. एकच मोबाईल असला की तो बहुधा भावाच्या हातात जातो. बहिणीने मागितला तर "तुला काय करायचाय?" असे विचारले जाते. तिलाही तेच पुस्तक आहे, तोच क्यूआर कोड आहे, तीच परीक्षा आहे. म्हणून विनंती अशी, की दोघांची वेळ सारखी ठरवून द्या. रोज अर्धा तास पुरे. मोबाईल खोलीत एकट्याने बघायचा नाही, ओसरीवर सगळ्यांसमोर बघायचा.

काही पालक म्हणतात, "आम्ही शिकलेलो नाही, आम्हाला त्यातलं काय कळणार?" कळायची गरज नाही. बघून झाल्यावर फक्त एवढेच विचारा, "काय बघितलंस, मला सांग. असं का झालं?" ज्या मुलाला आईला किंवा आजोबांना समजेल असे सांगता आले, त्याचा धडा झाला. ज्याला सांगता आले नाही, त्याला पुन्हा बघू द्या. आणि शेतातले, सुतारकामातले, स्वयंपाकातले माप तुम्हालाही आमच्यापेक्षा जास्त येते. ते आम्हाला सांगा. ते कोणत्याही नेटवर मिळणार नाही.

मित्रांनो, वरच्या चार प्रयोगांपैकी जो कोणी जो प्रयोग करील, त्याने किंवा तिने एका कागदावर तारीख, आधीचा अंदाज आणि प्रत्यक्ष काय झाले ते लिहून या लेखाच्या खाली लावावे. अंदाज चुकला असेल तर तो कागद आधी लावावा. पुढच्या संकष्टीला किती जण चंद्राची वेळ टिपतात, ते पाहू.

— इयत्ता सातवी